ग्रहांचं फिनिशिंग

वरसे, रोहा
१० सप्टेंबर २०२५

प्रिय सखा,

सलाम. अनंत चतुर्दशी झाली, गणपती गावाला गेले, आता तुझ्या कारखान्यात बसायला तरी जागा झाली असेल असं धरून लिहितोय. फोन केला असता, पण मागच्या खेपेला मी दहा मिनिटं घसा फोडून ओरडत होतो आणि तू पलीकडून "व्हय, व्हय, पाऊस हाय" एवढंच म्हणत होतास. रंगाच्या कॉम्प्रेसरने तुझे कान नेले ते नेलेच. मी आखातात, दोह्याच्या गोदामात अठ्ठावीस वर्षं काढली तेव्हाही आपलं पत्रांवर भागलं, आताही भागेल.

काम सफाचं आहे. माझी नात, तस्नीमची मुलगी. तिला जन्मापासून दिसत नाही हे तुला ठाऊक आहे, पण ती आता केवढी झालीय ते तू पाहिलेलं नाहीस. सातवीत आहे, रोह्यातल्या साध्या शाळेत, सगळ्या मुलांबरोबर. तिच्या फोनमध्ये पुस्तकं वाचून दाखवायची सोय आहे आणि त्यातून तिला ग्रहांचं वेड लागलंय. कुठलं यान कधी सुटलं, कुठे पोचलं, कुठे आपटलं, सगळं तोंडपाठ. आपलं मंगळयान कधी पोचलं ती तारीख तिला माझ्या निकाहच्या तारखेपेक्षा नीट माहीत आहे. अर्थात ती तारीख मलाही नीट आठवत नाही.

तर झालं असं. मुख्याध्यापिका बाईंनी तस्नीमला बोलावून सांगितलं, आठवीपासून विज्ञान जड जाईल, आकृत्या असतात, प्रयोग असतात, हिला सवलत मिळते तर सोपा विषय घ्या. बाई मनाने वाईट नाहीत, काळजीनेच बोलल्या. पण सफा दाराबाहेर उभी होती. घरी आली आणि जेवली नाही. मला म्हणाली, "नाना, माझे ग्रह काढून घेतायत."

तस्नीम दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, वाद घातला. शेवटी असं ठरलं की १९ डिसेंबरच्या विज्ञान प्रदर्शनात सफाने एकटीने प्रकल्प मांडायचा, परीक्षकांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरं द्यायची. जमलं तर विज्ञान राहील.

तिला हातात धरता येतील असे ग्रह हवेत. वासिफ, माझा धाकटा, पनवेलला थ्रीडी प्रिंटरवर काम करतो. यानांनी ग्रहांवरची उंची-खोली मोजून ठेवली आहे, ती सगळ्या जगाला फुकट बघता येते. त्यावरून त्याने बुधाचा एक तुकडा छापून आणला. पण त्या मशीनचा माल म्हणजे थरावर थर. सफाने हात फिरवला आणि म्हणाली, "मामू, हा बुध आहे की फणी?" तेव्हा मला तुझी आठवण झाली. पेणच्या मूर्तीला असतं तसं फिनिशिंग करून दे. हाताला काही खुपता कामा नये.

तुझा
अहमद


पेण
१७ सप्टेंबर २०२५

अहमदशेठ,

रामराम. पत्र मिळालं. दोनदा स्वतः वाचलं, एकदा कारखान्यातल्या शकूला मोठ्याने वाचून दाखवलं. काम घेतलं. पेणमध्ये घरोघर गणपती घडतात, पण ग्रहाची ऑर्डर आलेली मी पहिलाच. आल्यागेल्याला सांगतोय.

फक्त साइज कळव. आम्ही फुटात बोलतो, मला किलोमीटर सांगू नकोस.

फिनिशिंगची चिंता सोड. शकू माझ्याकडे वीस वर्षं तेच करतेय. प्लास्टरमध्ये हवा अडकून बारीक भोकं पडतात, तिच्या हाताखालून त्यातलं एकही सुटत नाही. पुट्टी भरणार, वाळवणार, पॉलिश पेपरने घासणार, मग गालावरून फिरवून बघणार. हो, हाताला कळत नाही ते गालाला कळतं म्हणते.

शेवटचा हात माझा. डोळ्यांची आखणी अजून मीच करतो. सखाने डोळे काढले की मूर्ती बघणाऱ्याकडे बघते असं गिऱ्हाईक बोलतं, मी नाही बोलत. ग्रहांना डोळे नसतात, तेवढं माझं काम वाचलं.

पोरीला सांग, जेवण सोडायचं नाही.

सखा


वरसे
३० सप्टेंबर २०२५

प्रिय सखा,

साइज सफाने स्वतः काढून दिलाय. मंगळ एक फुटी धरला तर बुध पाऊण फूट आणि शुक्र पावणेदोन फूट. मी हौसेने गुरूचं विचारलं, तर म्हणाली वीस फूट! वीस फुटी गुरू ट्रकवर चढवून गडब गावापर्यंत आणला तरी पुढे रस्त्याचं काम चालू आहे, तिथे तो अडकेल. शिवाय गुरूला म्हणे जमीनच नाही, नुसता वायू. तेव्हा गुरू रद्द. ज्यांना जमीन आहे असे तीनच करू.

बुध आणि मंगळाचे तुकडे हर्षदच्या टेम्पोतून पाठवतोय. तो आठवड्यातून दोनदा पेणला येतो, आपला टपालवाला तोच. शुक्र वासिफ नंतर देईल. कंपनीचं मशीन मोकळं असेल तेव्हाच त्याला छापता येतं, त्यामुळे हे तुकडे जपून वापर, दुसरे मिळायचे नाहीत.

अहमद


पेण
१४ ऑक्टोबर २०२५

अहमदशेठ,

खोक्यात बुध आहे. कापसात गुंडाळलाय, ओल्या हाताने धरू नका.

खरं सांगू? वासिफच्या मशीनला माझा नमस्कार. असला माल कुणी पाठवतो? तुकडे उघडले आणि शकूने कपाळावर हात मारला. "किती भोकं गो बाय! लहान, मोठी, भोकात भोकं. ही मशीन हाय का चाळण?" मी म्हटलं, पोराचं नवीन काम आहे, सांभाळून घे. बिचारी पाच दिवस बसली. एकेक भोक भरलं, एकेक घासलं. मग तुकडे जोडून वरून रबराचा साचा घेतला आणि प्लास्टरचा गोळा काढला. आता बघ. गालावरून फिरवून बघ. देवाच्या मूर्तीलाही एवढी मेहनत लागत नाही.

तुला काय वाटलं ते लगेच कळव. शकू विचारतेय.

सखा


वरसे
१८ ऑक्टोबर २०२५

प्रिय सखा,

बुध मिळाला. काय सांगू! इतका गुळगुळीत गोळा मी आयुष्यात पाहिला नाही. सगळं घर बघून गेलं. सफाने बराच वेळ हात फिरवला. शकूबाईंना आमचा सलाम सांग, त्यांच्या हाताला तोड नाही.

मंगळाची घाई नाही. तुझ्या सवडीने कर. खरं म्हणजे नाही केलास तरी चालेल, तुझ्यावर किती भार टाकायचा.

दिवाळीच्या सगळ्यांना शुभेच्छा.

अहमद


पेण
२९ ऑक्टोबर २०२५

अहमदशेठ,

तुझं पत्र शकूला वाचून दाखवलं. "हाताला तोड नाही" हे तिने दोनदा वाचायला लावलं. दिवाळीची मिठाई राहिली बाजूला, तुझ्या पत्रावरच खूश आहे. आणि भाराचं काय बोलतोस? आपण एका बाकावर बसलेले. मंगळ होणार आणि असाच होणार.

हा माल बुधापेक्षाही बिघडलेला आहे हे सांगून ठेवतो. एका बाजूला लांबच लांब चीर गेलीय, वीतभर असेल, मशीनमध्येच तडकला असणार. ती कालच पुट्टीने बुजवली. दुसरीकडे लिंबाच्या फोडीएवढं एक टेंगूळ आलंय, त्याच्या बाजूला आणखी तीन, ओळीने. शकू म्हणते घासून सपाट करते, चार दिवसांचं काम आहे. उद्यापासून लागेल.

सखा


वरसे
३१ ऑक्टोबर २०२५

सखाआजोबा,

मी सफा. हे पत्र मी फोनला बोलून लिहिलंय आणि अम्मीने झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलंय. तुमचं परवाचं पत्र अम्मीने मला वाचून दाखवलं. मी लिहितेय हे नानांना माहीत नाही. हर्षददादाला सांगितलंय की आधी तुमच्या हातात द्यायचं, मग बाकीचा माल उतरवायचा.

ते टेंगूळ घासू नका.

ते टेंगूळ नाही, पर्वत आहे. सगळ्या सूर्यमालेत त्याच्याएवढा दुसरा ज्वालामुखी नाही. बावीस किलोमीटर उंच आहे. खऱ्या प्रमाणात केला असता तर तुमच्या फूटभर मंगळावर एक मिलिमीटर आला असता, म्हणून वासिफमामूने सगळी उंची आणि खोली दहापट वाढवलीय. बाजूचे तीनही पर्वतच आहेत. आणि ती चीर म्हणजे दरी आहे, चार हजार किलोमीटर लांब. कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत टाकली तरी उरेल.

आता बुधाचं सांगते. नानांनी तुम्हाला खोटं लिहिलं. ते वाईट नाहीत, तुम्हाला दुखवायचं नव्हतं. मी बुधावर हात फिरवला तेव्हा मला काहीच सापडलं नाही. मी अम्मीला विचारलं, उलटा धरलाय का? मग मला रडू आलं आणि नाना बाहेर निघून गेले.

ती भोकं म्हणजे विवरं आहेत. बुधाला वातावरण नाहीसारखंच, त्यामुळे जे दगड येतात ते सरळ आपटतात आणि खूण राहते. अब्जावधी वर्षांच्या खुणा आहेत. एक यान चार वर्षं बुधाभोवती फिरलं आणि त्याने त्या सगळ्या मोजल्या. मग त्याचं इंधन संपलं आणि ते बुधावरच पडलं. म्हणजे तिथे त्या यानाचंही एक छोटंसं विवर असणार. शकूमावशीने पुट्टी भरली त्यात तेही गेलं.

मी रागावलेली नाही. हाताला काही खुपू नये असं नानांनीच लिहिलं होतं. पण सखाआजोबा, मला खुपायला हवंय. नाही खुपलं तर मला कळणार कसं?

तुमची
सफा


पेण
३ नोव्हेंबर २०२५

चि. सफास अनेक आशीर्वाद.

बाय, टेम्पो आला तेव्हा शकूच्या हातात पेपर होता आणि पर्वत निम्मा घासून झाला होता. हर्षदने तुझं पत्र दिलं. मी तिथेच उभ्याने वाचलं आणि इतक्या जोरात "थांब" म्हटलं की शकू दचकली आणि कारखान्यातलं मांजर माळ्यावर गेलं. निम्मा पर्वत वाचलाय. वरचा पुन्हा चढवता येईल.

आता चांगली गोष्ट ऐक. वासिफचे तुकडे राखाडी आहेत आणि पुट्टी पांढरी. म्हणजे कुठे भरलं ते दिसतंय. बारीक कोरणीने पुट्टी उकरून काढली तर खाली तुझी विवरं तशीच असतील. बुधाचेही मूळ तुकडे माझ्याकडे आहेत.

आता वाईट गोष्ट. शकू तयार नाही. "वीस वर्सं भोकं बुजवली, आता म्हातारपणी भोकं पाडू? माझा हात उठत नाय." मी समजावलं, ओरडलो, तुझं पत्र वाचून दाखवलं. ती रडली, पण कोरणी हातात घेतली नाही. आणि हे काम मी करू शकत नाही. मला वेळ नाही.

तू स्वतः ये. १६ तारखेला रविवार आहे, कारखाना बंद असतो. नानांना घेऊन ये. त्यांना एवढंच सांग की मला बहिरं समजा, पण मूर्ख समजू नका. आम्ही एका बाकावर तीन वर्षं बसलो, त्याने माझी गणितं उतरवली, तेव्हा खोटं बोलला नाही तो आता म्हातारपणी शिकला.

सखा


वरसे
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सखा,

रविवारी तुझ्यासमोर जे बोलता आलं नाही ते लिहितो. माझी चूक झाली. तुम्ही दोघांनी पाच-पाच दिवस खपून केलेली वस्तू, ती कामाची नाही असं कुठल्या तोंडाने कळवू, हे मला सुचेना. दोह्यात अठ्ठावीस वर्षं मी घरी "सगळं ठीक आहे" असंच लिहीत आलो, तीच सवय. त्या सवयीपायी पोरीचा पर्वत जात होता. मला माफ कर.

पण मला दिसलं की तुझा राग गेलेला नाही. मी चहा पुढे केला तर तू कप हातात घेतला नाहीस. तसाच ठेवून दिलास, निवला तरी. पूर्वी तू माझ्या कपातला अर्धा चहा ओढायचास. शकूबाई तर माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. मी हर्षदबरोबर टेम्पोचं पंक्चर काढून तासाभराने परत आलो तर आत तुम्ही तिघं गप्प बसलेले. सफाला येताना विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही, मावशीला विवर दाखवलं."

महिना उरलाय. बाईंनी काल पुन्हा विचारलं, प्रकल्प होतोय ना, नाहीतर समूहगीतात तिचं नाव घालते. सफा म्हणाली, होतोय. तिने कशाच्या जोरावर सांगितलं मला ठाऊक नाही. नसेल होत तर या खेपेला मला सरळ सांग, मी ऐकून घेईन.

अहमद


पेण
१२ डिसेंबर २०२५

अहमद,

हर्षदकडे तीन खोकी दिली आहेत. बुध, मंगळ, आणि ते मोठं शुक्राचं. शुक्र कागदाच्या लगद्याचा केलाय, नाहीतर पोरीला उचलला नसता. आधी खोकी उघडून सफाच्या हातात दे, मग हे वाच.

बघितलंस ना सफाचं तोंड? आता ऐक.

तू पंक्चर काढत होतास तेव्हा सफाने शकूला विचारलं, ओली माती आहे का. शाडूचा गोळा दिला. तिने तो मांडीवर घेतला आणि खिशातून सुपारी काढली. हो, तुझ्याच डब्यातली असणार. हात वर केला आणि सोडली. सुपारी मातीत रुतली, कडेने माती वर आली. मग तिने शकूचं बोट धरून त्या खळग्यात फिरवलं. "मावशी, हे कुणी पाडलेलं भोक नाही. इथे काहीतरी येऊन आपटलं, त्याची आठवण आहे." शकू किती तरी वेळ बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझ्या आयेच्या तोंडावर देवीचे वण व्हते. लहानपणी अंधारात मी तिला त्याच्यावरनं ओळखायची." बस्स. तेवढ्यात तू आलास. तुझ्याशी काय बोलणार, तिचं बोट अजून त्या खळग्यातच होतं.

सोमवारी सकाळी माझ्याआधी येऊन कोरणी घेऊन बसली होती. बुधावर एक हजार नऊशे विवरं निघाली, तिने मोजली. मला म्हणते, "एक राहिलं तर पोरगी मला सांगंल."

आता कपाचं. तुला राग वाटला, वाटू दे म्हणून मी गप्प बसलो होतो, पण तू खरं लिहिलंस तर मलाही लिहायला हवं. माझा उजवा हात थरथरतो, अहमद. दोन सीझन झाले. भरलेला कप उचलला तर निम्मा सदऱ्यावर येतो. डोळ्यांची आखणी पुतण्या करतो. सप्टेंबरमध्ये मी तुला लिहिलं अजून मीच करतो, ते खोटं. कारखान्याबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. ज्या हाताचं नाव होतं तोच गेला, हे सांगायला जीभ वळत नाही.

पण सफाने जाताना मला एक काम दिलं. मंगळावर जिथे जिथे यान धड उतरलं अशा दहा जागा आहेत, तिथे बोटाला कळेल असा ठिपका हवा. म्हणाली, "त्या दहा ठिकाणांहून मंगळ पहिल्यांदा कुणाला तरी दिसला." मी घरी आलो आणि झोप लागेना. दिसायला लागलं ती जागा, म्हणजे डोळाच झाला की. मंगळाची आखणी! ती पुतण्याला कशी देऊ?

आठ दिवस नुसता ब्रश धरून बसत होतो. मग नकाशात बघून डाव्या हाताचं बोट मंगळावरच्या त्या जागेलगत टेकवलं, त्याला उजवा हात टेकवला, डोळे मिटले आणि थेंब सोडला. नीट पडला. डोळे उघडे ठेवले की हात जास्त हलतो, कारण मी हाताकडेच बघत असतो. नऊ ठिपके असे पडले. दहाव्याला हात सुटला. थेंब ओढला गेला आणि त्याला तांदळाच्या कणीएवढं शेपूट आलं. पुसायला गेलो तर वाळून बसला होता. तो २०२१ साली उतरलेल्या त्या मोठ्या गाडीचा आहे. सफाला सांग, प्रदर्शन झालं की मंगळ परत पाठव, शकू तेवढं शेपूट घासून देईल. आता वेळ नाही.

१९ तारखेला मी शकूला घेऊन कारखान्यातच बसणार आहे. तिकडे आलो आणि पोरगी अडखळली तर मला बघवणार नाही.

सखा


वरसे
२० डिसेंबर २०२५

सखाआजोबा आणि शकूमावशी,

नाना लिहायला बसले होते, पण दोन ओळी लिहून चष्मा पुसत बसले. म्हणून मीच सांगते. हे छापील आहे, मावशींना मोठ्याने वाचून दाखवा.

माझं टेबल खिडकीजवळ होतं. बाजूला एका मुलाचा फुगे लावलेला अग्निबाण होता, सगळे आधी तिकडेच जात होते. मग परीक्षक आले, पनवेलचे एक सर. बाई त्यांच्या मागे उभ्या होत्या, मला त्यांच्या बांगड्यांवरून कळलं. सरांनी बुधाचं विचारलं, मी सांगितलं. मंगळाचं विचारलं, मी सांगितलं. मग ते मऊ आवाजात म्हणाले, "बाळ, हे सगळं तू पाठ केलंयस, छान. पण तू ग्रह पाहिलेला नाहीस, मग तुला तो कळला असं कसं म्हणायचं?"

मला आधी रडूच येणार होतं. माझा हात शुक्रावर होता. मी म्हटलं, "सर, शुक्रावर कायम जाड ढग असतात. वरून त्याची जमीन कुणालाच दिसत नाही. कॅमेरा घेऊन गेलं तरी नाही. मग एक यान गेलं, त्याने वरून रडारच्या लहरी सोडल्या, त्या जमिनीला लागून परत आल्या आणि त्यावरून त्याने नकाशा केला. म्हणजे त्याने शुक्र चाचपून बघितला. त्याला कळला असेल तर मलाही कळला."

मग मी मंगळ त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, आता डोळे मिटा आणि २०२१ ची गाडी कुठे उतरली ते शोधा. त्यांनी खूप शोधलं. त्यांना पर्वत सापडला, दरी सापडली, सहा ठिपके सापडले, पण कुठला कोणाचा ते कळेना. मी म्हटलं, शेपटीवाला ठिपका शोधा. मग सापडला! सर एकदम "हा!" म्हणाले, लहान मुलासारखे. त्यांनी विचारलं, याला शेपूट का?

सखाआजोबा, मी ते उत्तर तयार केलेलं नव्हतं. बोलता बोलता माझं मलाच कळलं. ती गाडी उतरली तिथे बसून राहिलेली नाही. पाच वर्षं होत आली, ती चालतेय. आतापर्यंत सुमारे चाळीस किलोमीटर गेलीय. बाकीचे सगळे ठिपके म्हणजे उतरलेली जागा, आणि या ठिपक्याचं शेपूट म्हणजे गाडीच्या चाकांचा माग. घरी आल्यावर वासिफमामूने हिशेब केला. फूटभर मंगळावर चाळीस किलोमीटर म्हणजे पावणेदोन मिलिमीटर. मग त्याने तुमचं शेपूट मोजलं. दोन मिलिमीटर आहे. मामू म्हणाला, सखाकाकांनी जरा पुढचं काढून ठेवलंय, गाडी तिथे पोचेल.

मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिलं अग्निबाणाला गेलं, तो खरंच वर गेला. पण बाईंनी सगळ्यांसमोर आठवीचा फॉर्म मागवला आणि विषयांच्या रकान्यात स्वतःच्या हाताने विज्ञान लिहिलं. मला म्हणाल्या, "तुझ्या बुधावर हात फिरवला, सफा. मी पंचवीस वर्षं शिकवतेय, पण बुध मला आज कळला." शकूमावशी, हे तुमच्यासाठी आहे. आणि हो, मी सगळीकडे बघितलं, एकही राहिलेलं नाही.

तुमचा हात थरथरतो ते मला त्या रविवारीच कळलं होतं, तुम्ही मला जिन्यावरून धरून नेलंत तेव्हा. तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून मीही कुणाला सांगितलं नाही. आता नानांना कळलंय, तर ते म्हणतायत की पुढच्या रविवारी तुम्ही दोघं जेवायला या. चहाचा कप अर्धाच भरतील, आणि अर्धा त्यांच्या कपातला घ्यायचा असं पूर्वीचं ठरलेलं आहे म्हणे.

मंगळ मी परत पाठवणार नाही. शकूमावशी, तो ठिपका तेवढा घासायचा नाही.

तुमची
सफा